पाना आणि कारागिराचा हात

यंत्रयुगाची कथा सांगताना वाफेचे एंजिन, विजेचे जनित्र आणि अलीकडच्या काळात संगणक यांना मानाचे स्थान मिळते. परंतु ही सारी यंत्रे ज्याच्या आधाराने एकसंध उभी राहतात तो नट-बोल्ट, आणि त्या नटाला आवळणारा पाना, यांची दखल सहसा कोणी घेत नाही. रस्त्याच्या कडेला झाडाच्या सावलीत बसणारा सायकल दुरुस्त करणारा मिस्त्री असो, एस. टी.च्या आगारातील मेकॅनिक असो, शेतावरच्या पंपाशी झुंजणारा शेतकरी असो, की रोज आपल्या हद्दीतील रुळांची तपासणी करीत मैलोगणती चालणारा रेल्वेचा कीमॅन असो, या सर्वांच्या हातांत एक हत्यार समान असते, आणि ते म्हणजे पाना. त्यात घड्याळासारखी गुंतागुंत नाही, की बंदुकीसारखा दरारा नाही. एक पोलादी दांडा आणि त्याच्या टोकाला तोंड, एवढेच त्याचे रूप. इतक्या साध्या वस्तूत सुधारणा करण्यासारखे उरले तरी काय असेल, असा प्रश्न कोणालाही पडावा.

या प्रश्नाचे उत्तर कारागिराच्या हाताकडे पाहिले म्हणजे मिळते. जुन्या मेकॅनिकच्या बोटांच्या सांध्यांवर व्रण असतात. नटावरून पाना घसरला, मूठ समोरच्या लोखंडावर आपटली आणि कातडे सोलले गेले, असा त्या प्रत्येक व्रणाचा इतिहास असतो. जुन्या यंत्रांचे नट पाहावेत तर त्यांचे सहा कोपरे झिजून गोल झालेले असतात. कोठे बोल्टचे डोके तुटून पडलेले असते, तर कोठे आटे गेलेले असतात. ही हानी केवळ निष्काळजीपणाने होते असे नाही. हत्यार, नट आणि हात या तिघांचे जमले नाही म्हणजे ती होते. म्हणून पान्याच्या सुधारणेचा इतिहास हा वस्तुतः या तिघांची संगती लावण्याचा इतिहास आहे.

प्रथम नट-बोल्टचे काम नेमके काय असते ते समजून घेतले पाहिजे. बोल्ट हा खुंटीसारखा नुसता भोकात बसलेला असतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो एक अत्यंत ताठ स्प्रिंग असतो. नट आवळला की बोल्ट किंचित लांबतो, पूर्ववत आखूड होण्यासाठी धडपडतो, आणि त्या धडपडीतच दोन भागांना एकमेकांवर घट्ट दाबून धरतो. जोडाची सारी मजबुती या ताणावर अवलंबून असते. ताण कमी पडला तर हादऱ्यांनी नट सैल होतो, आणि जास्त झाला तर बोल्ट तुटतो. परंतु हा ताण डोळ्यांना दिसत नाही. कारागिराला कळतो तो फक्त हाताला लागणारा पीळ, ज्याला यंत्रशास्त्रात टॉर्क असे नाव आहे. शिवाय हा पीळही प्रामाणिक साक्षीदार नाही. नट आवळताना लागणाऱ्या श्रमांपैकी सुमारे निम्मे श्रम नटाचा तळ खालच्या पृष्ठभागावर घासण्यात खर्ची पडतात, सुमारे चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात जातात, आणि बोल्टला ताणण्याच्या खऱ्या कामी जेमतेम दहा टक्के येतात. आट्यांना तेल लागले, गंज चढला किंवा धूळ बसली की हा हिशेब बदलतो. कोरड्या बोल्टला योग्य असलेला पीळ तेल लावलेल्या बोल्टला दिला, तर त्यातील ताण सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकतो.

आता पान्याच्या दांड्याचा विचार करू. पाना ही एक तरफ आहे. दांडा जितका लांब तितका पीळ मोठा, हे शाळेतील विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. उदाहरणादाखल १० मिलिमीटर व्यासाचा, चांगल्या पोलादाचा, यंत्रांत नेहमी आढळणारा बोल्ट घ्यावा. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाशी मेकॅनिकने २० किलो वजन उचलण्याइतका जोर लावला, तर ५ किलोग्रॅम-मीटर एवढा पीळ निर्माण होतो. कोरड्या आट्यांवर एवढ्या पिळाने बोल्टमध्ये सुमारे अडीच टनांचा ताण येतो, आणि तो त्या बोल्टला अगदी योग्य असतो. म्हणजे वीस किलोंच्या ओढीतून अडीच टनांची पकड निर्माण होते. दांड्याची लांबी ही गोष्ट कारखानदाराच्या लहरीवर सोडलेली नसते, ती यासाठीच. लहान नटाचा पाना आखूड आणि मोठ्या नटाचा लांब ठेवलेला असतो, तो एवढ्याच हेतूने की सामान्य माणसाने सामान्य जोर लावला असता नटाला सोसेल इतकाच पीळ मिळावा. दांड्याची लांबी ही जणू कारागिराच्या कानात सांगितलेली मर्यादाच असते.

ही मर्यादा अनेकदा ओलांडली जाते. नट हलेना की पान्याच्या दांड्यात लोखंडी पाईप घालून लांबी वाढवण्याची युक्ती देशातील प्रत्येक गॅरेजात ठाऊक आहे. वरच्याच उदाहरणात पान्याला अर्धा मीटर लांबीची जोड दिली, तर तेवढ्याच जोराने पीळ तिप्पट होतो आणि बोल्टवर साडेसात टनांचा ताण येऊ पाहतो. हा बोल्ट साडेचार टनांच्या सुमारास तुटतो. त्यापूर्वीच एक तर तो तुटेल, नाही तर नट गोल होईल, नाही तर पान्याचे तोंड फाकेल. या तिन्हींपैकी काहीही घडले तरी सर्व भार अंगावर घेऊन ओढणारा माणूस एकदम पुढे किंवा मागे फेकला जातो. गंजलेला नट सोडवायचा असेल तर तेल मुरू द्यावे, थोडी उष्णता द्यावी, सहा कोनांची रिंग किंवा गोटी वापरावी, हे मार्ग अधिक शहाणपणाचे आहेत. पान्याने बळ वाढवावे हे खरे, पण किती वाढवावे यालाही सीमा आहे.

बळ किती लावावे याइतकाच, ते नटाच्या कोणत्या जागी पोचते हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि पान्याच्या रचनेतील मोठ्या सुधारणा याच प्रश्नाभोवती झालेल्या दिसतात. उघड्या तोंडाचा साधा पाना षट्‌कोनी नटावर बसवला की त्याच्या दोन कडा नटाच्या दोन समांतर बाजूंना लागलेल्या दिसतात. तोंड सहज आत सरकावे म्हणून थोडी मोकळीक ठेवावीच लागते. परंतु जोर लावताक्षणी पाना या मोकळिकीइतका तिरपा होतो आणि सारा भार समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांपाशी येऊन ठेपतो. वरच्या उदाहरणातील बोल्टचे डोके १७ मिलिमीटरचे धरले, तर दोन कोपऱ्यांपैकी प्रत्येकावर सुमारे ५०० किलो एवढा दाब पडतो. हाताने लावलेला जोर होता २० किलोंचा! नटाचा कोपरा म्हणजे पोलादाची एक बारीक धार. अर्ध्या टनाच्या दाबाखाली ती किंचित जरी दबली, तरी पुढच्या वेळी पान्याला पकड कमी मिळते, तो अधिक घसरतो, आणि कोपरा अधिकच झिजतो. नट गोल होण्याचा रोग असा पायरीपायरीने वाढत जातो.

रिंग पान्याने या दुखण्यावर पहिला प्रभावी उपाय केला. तो नटाला चारी बाजूंनी वेढतो, म्हणून त्याचे तोंड फाकण्याचा प्रश्न उरत नाही. सहा कोनांच्या रिंगेत भार दोनऐवजी सहा कोपऱ्यांवर वाटला जातो, आणि हिशेबाने प्रत्येक कोपऱ्याच्या वाट्याला पूर्वीच्या केवळ एक तृतीयांश दाब येतो. दुसरा उपाय याहून सूक्ष्म आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पान्याच्या आतील कोपऱ्यांना हलकी गोलाई देऊन त्यांना नटाच्या कोपऱ्यांपासून दूर ठेवण्याची कल्पना रूढ झाली. अशा पान्याचा स्पर्श नटाच्या कोपऱ्याला न होता त्याच्या शेजारच्या सपाट बाजूला होतो. तेथे धातू भरीव असतो आणि दाब सोसण्याची त्याची ताकदही अधिक असते. बाहेरून पाहणाऱ्याला या पान्यात आणि जुन्या पान्यात काहीही फरक दिसत नाही. फरक केवळ स्पर्शाच्या जागेचा, तोही एक-दोन मिलिमीटरचा. तेवढ्यानेच जुन्या पान्याला न जुमानणारा अर्धवट झिजलेला नटही पुष्कळदा हलतो. १९६७ साली पुढे आलेला, सहा पाकळ्यांच्या फुलासारख्या आकाराचा टॉर्क्स स्क्रू याच विचाराचा पुढचा टप्पा होय. तेथे पान्याबरोबर स्क्रूच्या डोक्याचाही आकार बदलला गेला.

या प्रगतीच्या आधी मात्र एक दीर्घ काळ असा होता की प्रत्येक कारखान्याचा नट वेगळ्याच मापाचा असे, आणि त्या काळातील कल्पक कारागिरांचे सारे लक्ष एकाच पान्याने अनेक नट कसे फिरवता येतील याकडे लागलेले होते. अमेरिकेतील वुस्टर गावच्या लोरिंग कोज यांनी १८४१ साली एका स्क्रू पान्याचे पेटंट घेतले. दांडा ज्या हाताने धरावा त्याच हाताच्या अंगठ्याने स्क्रू फिरवून जबडा पुढे-मागे करता यावा, अशी त्याची रचना होती. दुसरा हात मोकळा राहणे ही शिडीवर किंवा एंजिनाखाली काम करणाऱ्या माणसाला केवढी सोय! इंग्लंडमध्येही रिचर्ड क्लायबर्न यांनी त्याच सुमारास असाच प्रयत्न केला. १८६९ साली डॅनियल स्टिलसन यांनी पाईप पाना सिद्ध केला. त्याचा दातेरी जबडा असा लुळा बसवलेला असतो की दांडा जितका जोराने ओढावा तितका तो पाईपला अधिक घट्ट चावतो. गुळगुळीत, गोल पाईपवर पकड मिळवण्याची ही युक्ती अपूर्व होती. तथापि हेच दात नटावर चालवले तर त्याचे कोपरे कुरतडून टाकतात. म्हणून चांगला फिटर पाईप पाना नटाला लावीत नाही.

स्वीडनमधील एन्शपिंग गावी योहान पेटर योहान्सन या कारागिराचे छोटे वर्कशॉप होते. शेतांवर आणि गिरण्यांत यंत्रे दुरुस्त करायला जाताना त्याला पान्यांचे ओझे वाहावे लागे, कारण एका यंत्राचे माप दुसऱ्याला लागू पडत नसे. या त्रासातून त्याने १८८८ साली आपल्या पद्धतीचा पाईप पाना केला आणि १८९२ साली तो स्क्रू पाना, ज्याचे रूप आजही जगभरच्या पेट्यांत जवळजवळ जसेच्या तसे आढळते. अरुंद डोके, त्यात सरकणारा एक जबडा, आणि अंगठ्याने फिरणारा लहानसा आट्यांचा गोळा. आयुष्यात शंभराहून अधिक पेटंटे मिळवणारा हा माणूस मुळात दुरुस्ती करणारा मिस्त्री होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

स्क्रू पान्यालाही आपली मर्यादा आहे. त्याचा एक जबडा दांड्याशी एकजीव असतो आणि दुसरा सरकता, म्हणून किंचित डुगडुगणारा. ओढ अशा दिशेने द्यावी की मुख्य भार स्थिर जबड्यावर पडेल, म्हणजेच पाना सरकत्या जबड्याच्या बाजूला फिरवावा. हा नियम उलटा पाळला की जबडा मागे सरतो, पाना घसरतो, आणि दोष हत्याराच्या माथी येतो. ही एक गोष्ट शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी सांगितली, तर पुष्कळ नट आणि पुष्कळ बोटे वाचतील.

जागेची अडचण हा कारागिराचा आणखी एक शत्रू. यंत्र आखणारा नट कागदावर काढतो, तेव्हा त्याच्याभोवती पाना फिरवायला किती जागा उरली आहे याचा विचार होतोच असे नाही. षट्‌कोनाची एक बाजू पुन्हा त्याच जागी येण्यासाठी ६० अंशांचा फेरा लागतो. पान्याचे तोंड दांड्याच्या सरळ रेषेत असेल तर एवढा फेरा घेतल्यावाचून दुसरी पकड मिळत नाही. पण तोंड १५ अंशांनी तिरपे केले तर चमत्कार घडतो. एकदा पाना ३० अंश फिरवावा, मग तो काढून पालथा करावा आणि पुन्हा बसवावा. तिरपेपणा आता उलट बाजूला गेल्यामुळे तो पुढच्या ३० अंशांसाठी सज्ज असतो. बाजारात मिळणाऱ्या उघड्या तोंडाच्या पान्याचे डोके वाकडे का, याचे कारण हे आहे. एक पैसाही जास्त खर्च न करता, केवळ कोन बदलून, लागणारी जागा निम्म्यावर आणली गेली.

बारा कोनांच्या रिंगेलाही ३० अंश पुरतात. मात्र तिची पकड सहा कोनांच्या रिंगेहून थोडी नाजूक असते. याच्या पुढची पायरी रॅचेटची. दातेरी चाक आणि त्यात अडकणारी खिटी यांच्या योगाने दांडा एका दिशेला नट फिरवतो आणि दुसऱ्या दिशेला मोकळा परततो. अमेरिकेत या तऱ्हेच्या पान्याचे पेटंट १८६३ साली दिले गेले होते. चाकाला ७२ दाते असतील तर अवघ्या ५ अंशांत नवी पकड मिळते. २५ सेंटिमीटर लांबीच्या दांड्याचे टोक तेव्हा जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर हलावे लागते. साध्या सरळ पान्याला हेच अंतर २६ सेंटिमीटर भरेल. १९२० साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे जोसेफ जॉन्सन यांनी गोटी पान्याची मूठ आणि गोटी एकमेकांपासून सुट्या करून विकायला आणल्या. पाच मुठी आणि दहा गोट्या यांच्या जोड्या लावल्या की पन्नास पान्यांचे काम भागते, हा त्यांचा साधा हिशेब मोटार दुरुस्तीच्या धंद्याला एकदम पटला.

परंतु सुटे भाग म्हटले की ते निसटण्याचा धोका आलाच. गोटी मुठीवर धरून ठेवण्यासाठी बहुधा स्प्रिंगवर बसवलेला एक छर्रा पुरेसा समजला जातो. हा तपशील किती जीवघेणा ठरू शकतो याचे भयंकर उदाहरण अमेरिकेत आर्कान्सा राज्यातील डमॅस्कस गावाजवळ घडले. १८ सप्टेंबर १९८० रोजी तेथील भूमिगत तळावर टायटन क्षेपणास्त्राची देखभाल चालू असताना तंत्रज्ञाच्या पान्याची जड गोटी निसटली. ती सुमारे ८० फूट खाली पडली, आपटून उसळली, आणि तिने इंधनाच्या टाकीला भोक पाडले. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रचंड स्फोट झाला. एक जण मृत्युमुखी पडला आणि वीसहून अधिक जखमी झाले. क्षेपणास्त्रावरील अण्वस्त्र दूर फेकले गेले, पण सुदैवाने त्याचा स्फोट झाला नाही. उंचीवर काम करताना गोटीला खिळीने पक्के अडकवणे आणि हत्यार दोरीने मनगटाला किंवा पट्ट्याला बांधणे, या गोष्टी कोणाला बारकावे वाटतील. पण पुलावर, मनोऱ्यावर किंवा विजेच्या खांबावर चढणाऱ्याच्या पायाशी उभ्या असलेल्या माणसाचे प्राण त्यांच्यावर अवलंबून असतात.

पीळ किती दिला हे हाताला नेमके कळत नाही, याचा उल्लेख वर आलाच आहे. त्यावरचा उपाय म्हणजे पीळ मोजणारा टॉर्क पाना. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यात काम करणाऱ्या कॉनराड बार यांना १९१८ साली या कल्पनेचे श्रेय दिले जाते. रस्त्याखालच्या नळांचे बोल्ट कामगारांच्या हातून गरजेपेक्षा अधिक आवळले जाऊन तुटत, ही त्यांची अडचण होती. आजच्या टॉर्क पान्यात ठरावीक पीळ आला की टक असा आवाज होतो आणि हाताला हिसका जाणवतो. मोटारीच्या एंजिनाचे वरचे झाकण किंवा चाकांचे नट आवळताना सगळ्या बोल्टांना सारखाच ताण मिळणे आवश्यक असते. तेथे हा पाना चैनीची वस्तू राहत नाही. पूर्वी कारागिराचे सारे कौशल्य त्याच्या मनगटात साठवलेले असे. त्या कौशल्याला हे हत्यार मापाची जोड देते.

मापाचा विषय निघाला की मापांच्या गोंधळाचाही उल्लेख करावा लागतो. १८४१ साली इंग्लंडचे जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्यांचे एकच प्रमाण असावे असा आग्रह धरला आणि आट्यांसाठी ५५ अंशांचा कोन सुचवला. १८६४ साली फिलाडेल्फियाचे विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचा कोन पुढे केला. दोन देशांच्या दोन पद्धती झाल्या, आणि मेट्रिक पद्धत तिसरी. व्हिटवर्थ पान्यावर कोरलेला आकडा तोंडाचे माप सांगत नसे, तो बोल्टचा व्यास सांगत असे. म्हणून अर्ध्या इंचाचा म्हणून विकलेल्या पान्याचे तोंड प्रत्यक्षात जवळजवळ एक इंच उघडे असे. भारताने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला आणि १९५८ पासून मेट्रिक पद्धत स्वीकारायला प्रारंभ झाला. १९४७ साली स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने पुढे हातहत्यारांचीही प्रमाणे ठरवली. १९८७ पासून हे काम भारतीय मानक ब्यूरो पाहतो. तरी जुन्या यंत्रांबरोबर इंची नट बराच काळ टिकून राहिले आणि एकाच पेटीत दोन्ही कुळांचे पाने नांदू लागले. पाऊण इंचाचा पाना १९ मिलिमीटरच्या नटाला खुशाल चालतो, कारण फरक नगण्य आहे. परंतु इंचाचे अकरा सोळांश माप असलेला पाना १७ मिलिमीटरच्या नटावर लावला, तर जवळजवळ अर्धा मिलिमीटर जादा मोकळीक राहते, आणि तेवढी कोपरे गोल करायला पुरेशी आहे. ‘चालून जाईल’ हा शब्द गॅरेजात फार महाग पडतो.

अखेर हाताचा विचार. हत्याराचे एक टोक नटाला लागते, तसे दुसरे टोक माणसाला लागते, ही गोष्ट आराखडा करणारे बराच काळ विसरले होते. पातळ, चपट्या दांड्याची कड तळहातात रुतते, आणि दुखणारा हात नकळत पकड सैल करतो. चकचकीत मुलामा तेलकट बोटांतून निसटतो. पूर्ण मुठीने जोर लावायचा असेल तर सुमारे ३ ते ५ सेंटिमीटर जाडीची मूठ हाताला सोयीची पडते, असे मानवी श्रमांच्या अभ्यासकांचे मत आहे. पान्याचा दांडा इतका जाड करणे नेहमी शक्य नसते, कारण त्याला अरुंद जागेत शिरायचे असते. म्हणून गोलसर कडा, किंचित खरखरीत पृष्ठभाग आणि दांड्याच्या मधल्या भागातून कमी केलेले वजन अशा मार्गांनी मध्य साधावा लागतो. शिवाय सर्व हात सारखे नसतात. आज औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मुलीही फिटरचे व मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेतात. त्यांच्या हाताच्या मापाचा विचार झाला तर लहान चणीच्या पुरुष कारागिरालाही त्याचा लाभच होईल. रचनेपलीकडे वापराचाही एक नियम आहे. पाना शक्यतो स्वतःकडे ओढावा. ढकलणे अपरिहार्यच असेल, तर मूठ न आवळता उघड्या तळहाताने ढकलावे, म्हणजे तो निसटला तरी बोटांचे सांधे वाचतात.

आकार कितीही उत्तम असला तरी धातू हिणकस असेल तर सारे व्यर्थ होय. चांगला पाना क्रोम-व्हॅनेडियमसारख्या मिश्र पोलादाचा असतो. तो तापवून साच्यात घणाच्या आघाताने घडवलेला असतो आणि त्याला नीट पाणी दिलेले असते. पाणी कमी पडले तर तोंड फाकते, आणि अधिक झाले तर पाना ठिसूळ होऊन काचेसारखा तडकतो. तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात किंवा दारूगोळ्याच्या भांडारात पोलादाची ठिणगीही घातक ठरते, म्हणून तेथे तांब्याच्या मिश्रधातूंची हत्यारे वापरतात. भारतात पंजाबातील जालंधर व लुधियाना ही हातहत्यारांची मोठी केंद्रे आहेत. महाराष्ट्रात नाशिक येथे १९६९ साली एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारांचे उत्पादन सुरू झाले. योहान्सनच्या देशातील विद्या अशा रीतीने गोदावरीच्या काठी पोचली. देशात उत्तम पाने बनतात आणि परदेशीही जातात. परंतु त्याच बाजारात वरून चमकणारे व आतून कच्चे असलेले पानेही स्वस्तात मिळतात, आणि मोजक्या भांडवलावर धंदा मांडणाऱ्या तरुण मिस्त्रीच्या हाती पुष्कळदा तेच पडतात. त्यांची खरी किंमत तो पुढे तुटलेल्या बोल्टांनी आणि सोललेल्या बोटांनी चुकवतो.

नवा आकार प्रत्यक्ष हातात धरून पाहणे आता पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील छपाई यंत्राने पृथ्वीवरून पाठवलेल्या आराखड्यावरून सुमारे चार तासांत प्लॅस्टिकचा एक रॅचेट पाना तयार केला. असा पाना जड कामाला उपयोगी नाही हे उघड आहे. पण आराखडा करणाऱ्याने सकाळी सुचलेली मूठ संध्याकाळी कारागिराच्या हाती द्यावी, ती कोठे रुतते आणि कोठे अडते ते विचारावे, आणि मगच पोलादाचा साचा कोरावा, हे यामुळे शक्य झाले आहे. सोनाराने कान टोचावा हे खरे, पण तो कोठे दुखतो हे ज्याचा कान त्यालाच ठाऊक असते.

पौने दोनशे वर्षांहून अधिक काळाचा हा प्रवास पाहिला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. कोज यांनी एक हात मोकळा केला, योहान्सन यांनी खांद्यावरचे ओझे उतरवले, १५ अंशांच्या कोनाने अडचणीच्या जागेत वाट करून दिली, गोलाई दिलेल्या कोपऱ्यांनी नट वाचवला, आणि टॉर्क पान्याने बळाला माप दिले. कारागिराला कोणती गोष्ट सतावते आहे याकडे कोणीतरी बारकाईने पाहिले, तेव्हाच यांतील प्रत्येक सुधारणा सुचली. घाटातून उतरणाऱ्या बसमधील प्रवाशाला तिच्या चाकांचे नट कोणी आवळले हे ठाऊक नसते आणि तो ते कधी विचारीतही नाही. त्याचा तो निश्चिंतपणा ज्या मनगटावर उभा आहे, त्याच्या हातात नटाला नेमका बसणारा, न घसरणारा आणि हाताला न दुखवणारा पाना असावा, ही अपेक्षा काही फार मोठी नाही.